नियमातला आकडा चिपमध्ये उतरतो तेव्हा

तांब्याची तार (धागाकर्ता)

२०२२ च्या अखेरीस एनव्हिडियाने ए-८०० नावाची चिप काढली. आधीच्या ए-१०० शेजारी तिची डेटाशीट ठेवली तर जवळजवळ सगळे रकाने सारखे. गणनशक्ती तीच, मेमरी तीच. फरक एका रकान्यात: शेजारच्या चिपशी बोलण्याचा वेग ए-१०० मध्ये सेकंदाला ६०० गिगाबाइट होता, इथे ४००. हे ४०० कुठल्याही इंजिनिअरने मागितलेले नव्हते. त्याने उष्णता कमी होणार नव्हती की खर्च वाचणार नव्हता. ७ ऑक्टोबर २०२२ ला अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने चीनला जाणाऱ्या चिपांवर निर्बंध घातले, त्यात दोन अटी जोडीने होत्या. गणनशक्ती ठरावीक मर्यादेवर हवी आणि चिपबाहेर माहिती नेण्याचा वेग ६०० किंवा त्याहून जास्त हवा. दोन्ही जुळल्या तरच बंदी. कंपनीने दुसरी अट चुकवली आणि चिप कायदेशीर झाली.

वर्षभरात, १७ ऑक्टोबर २०२३ ला, नियम बदलला. संवादवेगाची अट गेली आणि एकूण गणनक्षमतेवर भर आला. ती मोजायची कशी, तर सेकंदाला किती लाख कोटी क्रिया होतात त्याला क्रियेच्या बिटसंख्येने गुणायचं. ४८०० च्या पुढे थेट बंदी, २४०० च्या पुढे चिपच्या आकारमानाचाही हिशेब. मग एच-२० आली. आठ बिटांच्या २९६ लाख कोटी क्रिया. २९६ गुणिले ८, म्हणजे २३६८. चोवीसशेच्या बत्तीस खाली. आणि संवादवेग? तो पुन्हा ९०० वर, ए-१०० नंतर आलेल्या एच-१०० इतकाच! पहिल्या वेळी जे कापलं ते परत जोडलं, जे शाबूत ठेवलं होतं ते कापलं.

गेले कित्येक महिने हे माझ्या डोक्यातून जात नाही. व्यापारनिर्बंधांवर बोलताना आपण नेहमी एकच प्रश्न विचारतो: याने समोरचा देश थांबला का? मला वाटतं त्याच्या आधीचा प्रश्न आपण सोडून देतो. निर्बंध वस्तूच्या वाटेत उभा राहतो हे खरं, पण तो वस्तूच्या आतही शिरतो. राजपत्रातला आकडा डिझाइनमधला आकडा होतो. नियम नंतर बदलतो, रद्दही होतो, वस्तू मात्र त्याच मापाची घडलेली असते.

हे नवीनही नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेत भक्कम कूटलेखन हे शस्त्रास्त्रांच्या यादीत होतं. नेटस्केप ब्राउझरच्या दोन आवृत्त्या निघत. देशात १२८ बिटांची किल्ली, बाहेरच्यांसाठी ४० बिटांची. सर्व्हरची सार्वजनिक किल्लीही निर्यातीसाठी ५१२ बिटांवर अडवलेली. २००० च्या सुरुवातीला ही बंधनं बरीच सैल झाली आणि सगळ्यांना वाटलं, संपलं. मार्च २०१५ मध्ये संशोधकांनी 'फ्रीक' नावाचा हल्ला जाहीर केला. मधे बसलेला माणूस ब्राउझर आणि सर्व्हर दोघांना ती जुनी निर्यातवाली किल्ली वापरायला भाग पाडू शकत होता, कारण ती वाट कोणी कोडमधून काढलीच नव्हती. ५१२ बिटांची किल्ली तोवर क्लाउडवर शंभरेक डॉलरमध्ये, काही तासांत फुटत होती. बंधन उठून पंधरा वर्षं झाली होती. जगभरच्या सर्व्हरांत ते जिवंत होतं, आणि ज्या देशाने ते घातलं त्याच देशाचे नागरिकही त्याखाली सापडले होते.

तुमच्या कामात असं काही पाहिलं असेल तर लिहा. विरोधी मतंही हवीत.

---

समुद्रकाठ

उत्तम धागा. १९९९ चा पॉवर मॅक जी-४ आठवला. सेकंदाला अब्जावर क्रिया करतो म्हणून तो तेव्हाच्या निर्यातनियमात महासंगणकाच्या वर्गात जाऊन बसला आणि जवळपास पन्नास देशांत विकायला अडचण झाली. ॲपलने त्याचीच जाहिरात केली. पुढच्या वर्षी जपानने प्लेस्टेशन-२ निर्यातनियंत्रणाखाली घेतला, कारण त्यातली चित्रप्रक्रिया क्षेपणास्त्राच्या मार्गदर्शनालाही चालेल अशी भीती. आकड्याने रेष आखली की हा प्रश्न येतोच. तंत्रज्ञान पुढे सरकत राहतं, रेष जागच्या जागी.

---

नवशिका

वाचतो आहे. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

खरेदीखाते

मी सुटे भाग खरेदी करतो, त्यामुळे माझं निरीक्षण खालच्या टोकाचं आहे.

प्रत्येक भागाला एक निर्यातवर्गीकरण क्रमांक असतो. बहुतेक साधे भाग खुल्या वर्गात येतात, पण डिस्ट्रिब्युटर तरीही फॉर्म पाठवतो: अंतिम वापरकर्ता कोण, वापर कशासाठी, पुढे कुठे जाणार. पूर्वी हा फॉर्म महागड्या प्रोसेसरसाठी यायचा. आता सर्रास येतो. एका बोर्डावर तीनशे भाग असतील आणि त्यातल्या एकाचा फॉर्म अडला, तर उरलेले दोनशे नव्याण्णव कपाटात पडून राहतात.

एकदा पॉवर-कंट्रोलरचा एक छोटा भाग यायचा थांबला. उत्पादकाचं नाव कुठल्यातरी यादीत आलं होतं आणि डिस्ट्रिब्युटरने सावधगिरी म्हणून हात वर केले. कायद्याने तो भाग विकायला बंदी नव्हती, पण तपासून घ्यायला त्यांच्याकडे माणूस नव्हता. पर्याय सापडला. पॅकेज तेच, आठ पाय तेच, पण चौथा आणि पाचवा पाय अदलाबदल झालेले. म्हणजे बोर्ड नव्याने काढायचा. नवा बोर्ड म्हणजे विद्युतचुंबकीय चाचणी नव्याने, सुरक्षेचं प्रमाणपत्र नव्याने. सात महिने गेले. भागाची किंमत सेंटमध्ये मोजायची होती.

२०२५ च्या शरदात नेक्सपेरियाचं झालं ते म्हणूनच मी श्वास रोखून वाचत होतो. कंपनी नेदरलँड्सच्या नाइमेखनची, मालकी चीनच्या विंगटेककडे. ३० सप्टेंबरला डच सरकारने १९५२ च्या एका कायद्याचा आधार घेऊन तिच्या कारभारावर नियंत्रण आणलं. चार दिवसांत चीनने तिथल्या कारखान्यातून बाहेर जाणारा माल थांबवला. यातला पेच असा की वेफर, म्हणजे चिपा ज्यांवर घडतात त्या सिलिकॉनच्या चकत्या, जर्मनीत हॅम्बुर्गला बनतात, पण कापून पॅकेज होण्याचं बहुतेक काम चीनमधल्या दोंगग्वानला. डायोड आणि छोटे ट्रान्झिस्टर, ज्यांच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. काही आठवड्यांत होंडाला मेक्सिकोतला मोटारींचा कारखाना थांबवावा लागला. १९ नोव्हेंबरला डच सरकारने आदेश स्थगित केला, तरी हॅम्बुर्ग आणि दोंगग्वान यांच्यातली गाठ लगेच सुटली नाही.

चर्चा नेहमी सर्वांत प्रगत चिपची होते. कारखाने बंद पाडतो तो सर्वांत साधा भाग.

---

कथिलाचा थेंब

तांब्याची तार, लेख आवडला, पण तुमच्या मांडणीशी माझा स्पष्ट मतभेद आहे. 'वस्तू घडते' या मुद्द्यावर इतका भर दिलात की काही निर्बंध खरोखर थांबवतात हे बाजूला राहिलं. आकड्याच्या बंदीला वळसा घालता येतो. यंत्राच्या बंदीला नाही, निदान लवकर तरी नाही.

नेदरलँड्समधल्या फेल्डहोवेनच्या एएसएमएलचं ईयूव्ही यंत्र घ्या, अतिनील प्रकाशाने वेफरवर चिपांची रचना छापणारं. ते १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश वापरतं. हा प्रकाश देणारा दिवा अस्तित्वात नाही, तो घडवावा लागतो. निर्वात पोकळीत वितळलेल्या कथिलाचे थेंब सोडतात, सेकंदाला पन्नास हजार, प्रत्येक थेंब केसाच्या जाडीहूनही लहान. लेझरचा पहिला ठोका थेंबाला चपटा करतो, दुसरा त्याचा प्लाझ्मा करतो आणि त्या क्षणी हवा तो प्रकाश बाहेर पडतो. प्रत्येक थेंबावर दोन अचूक नेम, सेकंदाला पन्नास हजार वेळा, दिवसरात्र. हा प्रकाश हवाही शोषते आणि काचही, म्हणून भिंगं चालत नाहीत, सगळं आरशांवर. हे आरसे जर्मनीच्या झाइस कंपनीचे. एक आरसा जर्मनीएवढा मोठा केला तर त्यावरचा सर्वांत मोठा उंचवटा मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून कमी भरेल असं ते सांगतात. लेझर ट्रुम्फचा, प्रकाशस्रोताचं तंत्र सॅन दिएगोच्या सायमरचं, जी एएसएमएलने २०१३ मध्ये विकत घेतली. एक लाखाहून जास्त भाग, वजन १८० टनांच्या घरात.

आजवर यातलं एकही यंत्र चीनला विकलं गेलेलं नाही. चिपा बनवणाऱ्या चीनच्या एसएमआयसीने २०१८ मध्ये मागणी नोंदवली होती, पण डच सरकारने निर्यातीचा परवाना पुढे चालू ठेवला नाही. सगळ्या चर्चेत मला हा सर्वांत परिणामकारक निर्बंध वाटतो, आणि त्यामागे कुठला हुशारीने निवडलेला आकडा नव्हता. एकाच ठिकाणी तयार होणारी एक वस्तू होती, बस्स.

तरीही हुआवेचा मेट ६० प्रो आला, असं कोणी म्हणेल. ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस, अमेरिकेच्या वाणिज्यमंत्री चीनच्या दौऱ्यावर असतानाच. आत एसएमआयसीने बनवलेली सात नॅनोमीटर वर्गातली चिप. ती जुन्या १९३ नॅनोमीटरच्या प्रकाशाने काढली आहे. एकच थर अनेकदा, थोडा थोडा सरकवून छापायचा. हे जमतं. पण प्रत्येक जादा छपाईबरोबर जुळणी चुकण्याची शक्यता वाढते, वेळ वाढतो, वेफरवरच्या चांगल्या चिपांचं प्रमाण घटतं. हे कौतुकास्पद काम आहे, ते महाग काम आहे, आणि त्याला पुढे फार जागा नाही.

---

नवशिका

एक मूलभूत प्रश्न. एएसएमएल नेदरलँड्सची, इतरांच्या चिपा बनवून देणारी टीएसएमसी तैवानची. मग दोघी अमेरिकेचं का ऐकतात?

---

समुद्रकाठ

@नवशिका, चांगला प्रश्न. राजकीय दबाव हा एक भाग. पण कायद्याचं हत्यारही आहे: परकीय थेट-उत्पादन नियम. वस्तू अमेरिकेबाहेर, बिगर-अमेरिकी कंपनीने बनवली तरी ती बनवताना ठरावीक अमेरिकी तंत्रज्ञान, यंत्र किंवा सॉफ्टवेअर वापरलं असेल, तर ती कोणाला विकायची यावर अमेरिकेचा परवाना लागू शकतो.

हुआवेचं उदाहरण क्रमाने बघा. मे २०१९ मध्ये कंपनी काळ्या यादीत गेली. अमेरिकेतून थेट माल मिळणं अवघड झालं, गुगलच्या सेवा गेल्या, पण स्वतः डिझाइन केलेल्या किरिन चिपा तैवानमध्ये बनतच होत्या. मे २०२० मध्ये हा नियम हुआवेसाठी ताणला गेला, ऑगस्टमध्ये आणखी. १५ सप्टेंबर २०२० पासून टीएसएमसीने माल पाठवणं थांबवलं. नोव्हेंबरमध्ये हुआवेने ऑनर हा आपला दुसरा फोन-ब्रँड अख्खा विकून टाकला. फॅब, म्हणजे चिपांचा कारखाना, कुठल्याही देशात असो, त्यात ॲप्लाइड मटेरियल्स, लॅम किंवा केएलए या अमेरिकी कंपन्यांचं यंत्र नाही असं जवळपास होत नाही, आणि डिझाइन सिनॉप्सिस किंवा केडेन्स या अमेरिकी कंपन्यांच्या सॉफ्टवेअरशिवाय पुढे सरकत नाही. तिथे पकड आहे.

---

जुना दस्तऐवज

इतिहासातलं एक पान जोडतो, कारण आज चीनबद्दल जे बोललं जातं ते चाळीस वर्षांपूर्वी शब्दशः जपानबद्दल बोललं जात होतं.

१९८० च्या दशकात मेमरी चिपांत जपानी कंपन्यांनी अमेरिकी कंपन्यांना मागे टाकलं. सप्टेंबर १९८६ मध्ये दोन्ही सरकारांत सेमीकंडक्टर करार झाला. जपानने ठरावीक भावाखाली चिप विकायची नाही, आणि आपल्या बाजारात परदेशी चिपांचा वाटा वीस टक्क्यांपर्यंत न्यायचा. करार पाळला जात नाही म्हणून एप्रिल १९८७ मध्ये रेगन सरकारने ३० कोटी डॉलरच्या जपानी मालावर शंभर टक्के आयातशुल्क लावलं. त्याच वर्षी तोशिबाचं प्रकरण उघडकीस आलं. पाणबुडीचे पंखे घासण्याची बहुअक्षी यंत्रं तिच्या उपकंपनीने सोव्हिएत संघात लेनिनग्राडच्या गोदीला विकली होती, नियंत्रक नॉर्वेच्या कोंग्सबर्गचे. शीतयुद्धातल्या कोकॉम या पाश्चात्त्य निर्यातनियंत्रण व्यवस्थेचा तो भंग होता. अमेरिकी काँग्रेसच्या काही सदस्यांनी संसदेच्या आवारात तोशिबाचा रेडिओ हातोड्यांनी फोडला.

आता परिणाम पाहा. करारातल्या भावाच्या तळामुळे मेमरी महाग झाली. जपानी कंपन्यांना त्याचा नफाच झाला. अमेरिकी कंपन्यांपैकी बहुतेक तोवर मेमरीतून बाहेर पडल्या होत्या, त्या परतल्या नाहीत. वाढलेल्या भावाच्या सावलीत ज्याला वाढायला जागा मिळाली तो दक्षिण कोरिया. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कोरियाची सॅमसंग डीरॅम या मेमरी चिपांत जगात पहिली होती. करारावर सही करणाऱ्या दोघांपैकी कोणाच्याही मनात हे नव्हतं.

आणि पुढे जुलै २०१९. युद्धकाळातल्या सक्तमजुरीच्या भरपाईवरून जपान आणि दक्षिण कोरियाचं बिनसलं, तेव्हा जपानने तीन पदार्थांच्या निर्यातीवर कडक परवाने लावले: हायड्रोजन फ्लोराइड, फोटोरेझिस्ट आणि फ्लोरिनयुक्त पॉलिइमाइड. तिन्ही चिप आणि डिस्प्लेसाठी अत्यावश्यक, तिन्हींत जपानचं वर्चस्व. कोरियाने सरकारी पैसा ओतून हायड्रोजन फ्लोराइडचं शुद्धीकरण देशात वाढवलं. मार्च २०२३ मध्ये परवाने सैल झाले, पण तोवर जपानी पुरवठादारांचं गिऱ्हाईक काही प्रमाणात कायमचं गेलं होतं. जो देश १९८६ मध्ये भोगत होता त्याने तेहतीस वर्षांनी तेच शेजाऱ्यावर केलं. मला हे वाचून अजूनही वाईट वाटतं.

---

खनिजमित्र

पदार्थांचा विषय निघालाच आहे तर गॅलियमवर लिहितो.

गॅलियमची खाण नसते. बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढताना जे क्षारीय द्रावण फिरत राहतं, त्यात गॅलियम अत्यल्प प्रमाणात साठत जातं. ते वेगळं काढायला ॲल्युमिनाच्या कारखान्याला जोडून एक वेगळं युनिट लागतं. चीनमध्ये ॲल्युमिना प्रचंड प्रमाणात होतं आणि तिथे ही युनिटं बसवली गेली. बाकीच्यांनी आपापली बंद केली, कारण गॅलियम इतकं स्वस्त होतं की परवडत नव्हतं. आज प्राथमिक गॅलियमचं ९५ टक्क्यांहून जास्त उत्पादन चीनमध्ये आहे.

जपान आणि नेदरलँड्सने चिपयंत्रांवर बंधनं जाहीर केल्यावर चीनने १ ऑगस्ट २०२३ पासून गॅलियम आणि जर्मेनियमला परवाना लावला. ३ डिसेंबर २०२४ ला अमेरिकेसाठी थेट बंदी, ॲन्टिमनीसह. ती नोव्हेंबर २०२५ मध्ये वर्षभरासाठी स्थगित झाली. ४ एप्रिल २०२५ ला सात दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांवर परवाने आले, त्यात डिस्प्रोशियम आणि टर्बियम. मोटारीचं चुंबक तापलं तरी चुंबकत्व टिकवायचं काम ही दोन करतात. परवाने वेळेत मिळेनात आणि काही आठवड्यांत फोर्ड आणि सुझुकीच्या उत्पादनाला खीळ बसली.

पद्धत लक्षात घ्या. थेट-उत्पादन नियम, परवाना, अंतिम वापरकर्त्याचं हमीपत्र ही सगळी हत्यारं अमेरिकेने घडवली होती. ९ ऑक्टोबर २०२५ ला चीनने जाहीर केलेल्या नियमांत परदेशात बनलेल्या वस्तूंतही चिनी दुर्मिळ मूलद्रव्यं असतील तर चीनचा परवाना लागेल अशी तरतूद होती. वाक्यरचनेपर्यंत ओळखीची. ३० ऑक्टोबरला बुसानमध्ये ट्रम्प आणि शी जिनपिंग भेटले, त्यानंतर ती वर्षभरासाठी मागे ठेवली गेली.

कथिलाचा थेंब यांच्या मुद्द्याला पुस्ती: पदार्थावरची बंदी यंत्रावरच्या बंदीइतकी टिकत नाही. २०१० मध्ये सेनकाकू बेटांजवळच्या बोटीच्या टकरीनंतर चीनने जपानचा दुर्मिळ मृदांचा पुरवठा अडवला, तेव्हा जपानने ऑस्ट्रेलियाच्या लायनस या खाणकंपनीत पैसा घातला, साठे केले, वापर कमी केला. चीनवरचं अवलंबित्व ९० टक्क्यांच्या आसपास होतं ते साठच्या आसपास आलं. पण त्याला दहा वर्षं लागली, आणि जड मृदांत अजूनही अडकलेलेच आहेत.

---

शून्य_एक

सॉफ्टवेअरवाल्यांच्या बाजूने. आमच्याकडे जहाज नाही, बंदर नाही, वेफर नाही. तरीही रेष येऊन पोचतेच.

जुलै २०१९ मध्ये कोड साठवायच्या गिटहब या संकेतस्थळाने इराण, सीरिया आणि क्रिमियातल्या वापरकर्त्यांची खाजगी भांडारं अमेरिकी निर्बंधांमुळे बंद केली. इराणसाठी परवाना मिळायला जानेवारी २०२१ उजाडला. ऑक्टोबर २०२४ मध्ये लिनक्स कर्नलच्या देखभालकर्त्यांच्या यादीतून काही रशियन नावं वगळली गेली. कारण एका ओळीचं: अनुपालनाची गरज.

मी एका छोट्या मुक्त प्रकल्पात आहे. त्यातला एक सहकारी निर्बंधित देशातला. वेळक्षेत्रांशी संबंधित सगळा किचकट भाग त्याने लिहिलेला. एके दिवशी त्याचे पॅच, म्हणजे कोडमधल्या दुरुस्त्या, येणं थांबलं. त्याचं खातं चालत नव्हतं. ईमेलने पॅच पाठवू का, असं त्याने विचारलं. घेतला तर आम्ही कायदा मोडतो का, हे आमच्यापैकी कोणालाच सांगता येईना. वकील परवडणार नव्हता. शेवटी आम्ही घेतला नाही. तो भाग आजही त्याच अवस्थेत आहे, कारण त्याच्याइतका तो कोणाला कळत नाही. मला त्या निर्णयाची लाज वाटते. निर्बंध ज्याच्यासाठी लिहिला होता तो हा माणूस नव्हता.

संस्था मात्र शिकल्या. रिस्क-फाइव्ह या खुल्या चिपरचनेची संस्था २०२० मध्ये अमेरिकेतून स्वित्झर्लंडला हलली. सदस्यांना भीती होती की उद्या कोणाला सामील करायचं हे एखादं सरकार ठरवेल. एका तांत्रिक मानकाचा पत्ता राजकारणाने बदलला.

---

कथिलाचा थेंब

@शून्य_एक, वाचून थांबलो. त्याला आता तरी विचारा. प्रकाशित, सर्वांना खुला असलेला कोड अमेरिकी निर्यातनियमांत बराचसा सूट असलेला आहे. व्यक्ती यादीत आहे की फक्त देश, हा फरक मोठा असतो.

---

शून्य_एक

विचारतो. धन्यवाद.

---

समुद्रकाठ

ईयूव्हीबद्दल एक भर. डिसेंबर २०२५ मध्ये रॉयटर्सने वृत्त दिलं की शेन्झेनच्या एका प्रयोगशाळेत ईयूव्ही प्रकाश काढणारं नमुनायंत्र उभं राहिलं आहे, पण त्यातून चालणारी चिप निघालेली नाही. प्रकाश काढणं आणि दिवसाला हजारो वेफर छापणं यांत एएसएमएललाही बरीच वर्षं लागली होती.

---

तांब्याची तार (धागाकर्ता)

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. कथिलाचा थेंब, तुमचा मुद्दा मान्य. मी सगळ्या निर्बंधांना एकाच मापात तोललं ते चुकलं. जिथे वस्तू एकाच ठिकाणी घडते तिथे दार खरोखर बंद होतं, हे लेखात यायला हवं होतं.

पण दार बंद झाल्यावर आतल्या खोलीत काय होतं, त्याचं एक उदाहरण देतो. चीनच्या हांगझोमधल्या डीपसीक या एआय कंपनीने डिसेंबर २०२४ मध्ये व्ही-३ हे मॉडेल जाहीर केलं, तेव्हा प्रशिक्षणासाठी २०४८ एच-८०० चिपा वापरल्याचं लिहिलं. एच-८०० म्हणजे एच-१०० ची कापलेली बहीण: संवादवेग ९०० वरून ४००, त्याच २०२२ च्या नियमामुळे. त्यांचे शोधनिबंध वाचले तर ही कापणी सॉफ्टवेअरमध्ये ठसा उमटलेली दिसते. चिपा-चिपांत सतत बोलावं लागेल अशी विभागणी त्यांनी प्रशिक्षणात टाळली. शब्दाचा एक तुकडा जास्तीत जास्त चार यंत्रांपर्यंतच जाईल अशी मर्यादा मॉडेलच्या रचनेतच घातली. प्रत्येक चिपवरच्या १३२ गणनकेंद्रांपैकी २० निव्वळ माहिती इकडून तिकडे नेण्यासाठी राखून ठेवली. पुढच्या महिन्यात त्यांचंच आर-१ आलं आणि २७ जानेवारी २०२५ ला एका दिवसात एनव्हिडियाचं बाजारमूल्य जवळपास ६०० अब्ज डॉलरने घसरलं. वॉशिंग्टनमध्ये लिहिलेला एक आकडा हांगझोच्या कोडमध्ये उतरला होता, आणि त्यातून शिकलेल्या युक्त्या आता इतरांनाही उपयोगी पडतात, ज्यांच्या चिपा कापलेल्या नाहीत त्यांनाही.

एच-२० चं पुढे काय झालं तेही लिहून ठेवतो. एप्रिल २०२५ मध्ये तिलाही परवाना लागू झाला. या वेळी आक्षेप होता मेमरीच्या आणि संवादाच्या वेगावर, म्हणजे २०२३ च्या नियमाने मोकळ्या सोडलेल्या गोष्टींवर. एनव्हिडियाने सुमारे ५.५ अब्ज डॉलरचा फटका जाहीर केला. जुलैमध्ये विक्रीला पुन्हा होकार मिळाला, ऑगस्टमध्ये त्या विक्रीतला १५ टक्के वाटा अमेरिकी सरकारला देण्याची व्यवस्था ठरली. डिसेंबरमध्ये त्याहून कितीतरी ताकदवान एच-२०० ला २५ टक्क्यांवर परवानगी देण्याची घोषणा झाली. मला यातलं हे सर्वांत अस्वस्थ करणारं वाटतं. चिप सुरक्षेला धोका असेल तर पंधरा टक्क्यांनी तो कमी होत नाही. धोका नसेल तर तीन वर्षं इतक्या इंजिनिअरांनी चांगल्या चिपा कापण्यात का घालवली?

@खरेदीखाते, सात महिन्यांच्या त्या प्रकरणानंतर तुमच्याकडे काही बदललं का?

---

खरेदीखाते

हो. आता डिझाइनच्या पहिल्या बैठकीत मला बसवतात, पूर्वी शेवटी बोलवायचे. भागांच्या यादीत नवा रकाना आहे: वेफर कुठे बनतो, पॅकेज कुठे होतो. बरेच पुरवठादार दुसरं, पॅकेजचं ठिकाण, सांगत नसत, मागे लागावं लागायचं. नेक्सपेरियानंतर मात्र सांगायला लागले.

आणि बोर्डावर महत्त्वाच्या ठिकाणी दोन फूटप्रिंट, म्हणजे भाग बसवायच्या दोन जागा, काढतो. शेजारी-शेजारी, दोन वेगळ्या देशांतल्या दोन भागांसाठी. जो मिळेल तो बसवायचा. बोर्ड थोडा मोठा होतो, तारा थोड्या लांबतात, सिग्नल किंचित बिघडतो, तेवढ्यासाठी एक कपॅसिटर जादा. चाचणीवाल्यांना दोन्ही प्रकार तपासावे लागतात. परवा एक नवी मुलगी कामाला आली. बोर्ड हातात घेऊन तिने विचारलं, इथे सोल्डर का नाही, काही बसवायचं राहिलं आहे का? राहिलं नाही, ती जागा रिकामीच ठेवायची असते, असं सांगितलं. तिने पुढचे चार बोर्ड उलटून पाहिले. सगळ्यांवर तशाच जागा होत्या.